नांदेडचा समुद्र

लातूर

लातूरच्या माणसानं सागरी इतिहास लिहायला घ्यावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा. आमच्या गावाला एकदा पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्याला चहा लगेच मिळतो, पाण्याच्या तांब्याची वेळ आली की घरातले एकमेकांकडे बघतात. अशा गावातला मी निवृत्त इतिहास-शिक्षक. पोहता येत नाही, आणि गळ्यात लिंग असल्यामुळे मासळीशी सात पिढ्यांचा संबंध नाही. या कामाला माझ्यापेक्षा लायक माणूस शोधूनही सापडला नसता.

झालं असं, की आमच्या काही निवृत्त मंडळींनी मराठवाड्याच्या पाण्यावर एक जाडजूड ग्रंथ काढायचं ठरवलं. बारव, विहिरी, तलाव ही सोपी प्रकरणं अध्यक्षांच्या मित्रांनी आधीच वाटून घेतली. ‘सागरी परंपरा’ हे प्रकरण उरलं आणि ते माझ्याकडे आलं. तसं ते मीच जन्माला घातलं होतं म्हणा. दोन वर्षं मी दिसेल त्याला एका कागदाची गोष्ट सांगत होतो.

तो कागद कांतानं आणला होता. मी चाकूरला शिकवत असताना ती माझ्या वर्गात होती. पुढं तिचं लग्न नांदेडजवळ विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यातल्या एका बेटावर, भोयाच्या घरात झालं. दोन वर्षांपूर्वी माहेरी आली तेव्हा निजामाच्या काळातल्या एका उर्दू कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली. “सर, कचेरीत द्यायचाय, मराठीत करून द्या,” म्हणाली. आता माझं उर्दू म्हणाल तर वडिलांनी शिकवलेलं अलिफ-बे, अक्षराला अक्षर लावत दुकानाची पाटी वाचण्यापुरतं. पण गावात ‘सरांना उर्दू येतं’ अशी हवा झाली होती आणि ती मी कधी काढली नाही. फुकटची कीर्ती कोण परत करतं?

कागदात एक ओळ होती. दर्याचा उतार या भोयांच्या मूळपुरुषाकडे आहे, त्यांना कोणी अडवू नये. दर्या म्हणजे समुद्र, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ठणठणीत मराठीत ‘समुद्राचा उतार’ असं लिहिलं, आणि खाली सही करून ‘उर्दू भाषेचे जाणकार’ असंही लिहिलं. नांदेडला समुद्र नाही एवढा भूगोल मलाही येतो. म्हणून मी एक सिद्धांत काढला: हे लोक मूळचे पूर्व किनाऱ्याचे, गोदावरीच्या मुखातून शिरले आणि प्रवाहाच्या उलट वल्हवत, पिढ्यानपिढ्या वर येत, नांदेडला पोचले. ते कशासाठी निघाले आणि वाटेत कुठे जेवले, हे प्रश्न मी वाचकांवर सोडले होते.

दिवाळीच्या आधी कांताचा फोन आला. “सर, बुधवारी कचेरीत तारीख हाय. तुम्ही आलात तर लई बरं होईल.” तारीख सत्काराची असावी असं धरून मी नवी वही, छत्री आणि इस्त्रीचा सदरा पिशवीत भरला. बायको म्हणाली, “पोहता येत नाही, मासळी चालत नाही, आणि निघाले समुद्रावर. बीपीची गोळी तेवढी घ्या.” सोमवारी सकाळच्या बसनं मी निघालो.

उतार

नांदेडच्या पुढं विष्णुपुरीला पोचलो तेव्हा कांता काठावर उभी होती. नदीचा काठ तिथं सहज खाली उतरत पाण्यात जातो, म्हणून त्या जागेला सगळे उतार म्हणतात. जाळी वाळत घातलेली, बायका परातीत मासळी घेऊन बसलेल्या, पाच-सहा जण भाव करताना एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत होते. मी नाकाला रुमाल लावला आणि इतिहासकार म्हणून लगेच काढला.

मागं लोखंडी खांबांची एक नवीकोरी रांग होती आणि एक फलक: ‘नियोजित उद्यान व नौकाविहार’. मी खूश झालो. शासनालासुद्धा सागरी परंपरेची कदर आहे, असं वहीत लिहून घेतलं. कांता माझ्याकडे बघत होती. “सर, ते खांब…” ती म्हणाली. “उत्तम आहेत,” मी म्हणालो. ती गप्प बसली. शाळेतही ती मी बोलत असताना मध्ये बोलत नसे, आणि हा तिचा गुण मी प्रगतिपुस्तकात मुद्दाम लिहिला होता.

बेटावर जायचं वाहन म्हणजे चप्पू. थर्माकोलचे ठोकळे ताडपत्रीत गुंडाळून दोरीनं आवळलेले. आमच्याकडे टीव्हीच्या खोक्यातून थर्माकोल निघतो तो पोरं चुरगाळून टाकतात. इथं त्याच्यावर बाया, शेळ्या, ज्वारीची पोती आणि एक इतिहासकार अशी वाहतूक होते. कांता वल्हं मारत होती. मी मांडी घालून बसलो होतो, पण पाण्याच्या मध्यावर क्षितिज दिसलं आणि त्याचा फोटो घ्यायला मी उभा राहिलो. क्षितिजावर उभ्या माणसाचा हक्क नसतो हे तेव्हा कळलं. चप्पू कलला, कांतानं माझा सदरा मुठीत धरला, आणि माझी डाव्या पायातली चप्पल गोदावरीत गेली.

“ऱ्हाऊ द्या सर,” कांता म्हणाली. “गंगा घेतलेलं देत न्हाई.”

आमच्या मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. ते मला जन्मापासून माहीत होतं. काय उपयोग झाला ते पुढं येईलच.

बेट

बेट म्हणजे खरं तर एक टेकडी. धरण झालं, पाणी तुंबलं, रान बुडालं, आणि टेकडीला एका दिवसात बेटाची बढती मिळाली. वर पंधरा-वीस घरं, एक लिंबाचं झाड, आसरांचे सात शेंदरी दगड आणि एक मोबाइलचा टॉवर, ज्याची रेंज फक्त समोरच्या काठाला मिळते. कांताचे सासरे सटवाजीमामा लिंबाखाली जाळं विणत बसले होते. सत्तरी ओलांडलेला, काळा, ताठ माणूस. त्यांनी माझा एक पाय चपलेत आणि एक अनवाणी बघितला, आत गेले आणि आपली रबरी चप्पल आणून ठेवली. ती उजव्या पायाची होती. पुढचे तीन दिवस मी दोन उजव्या पायांवर संशोधन केलं.

मी वही उघडली. “मामा, तुमच्या वाडवडिलांच्या समुद्राच्या काही आठवणी?”

“समुद्र व्हय? टीव्हीत पायलाय म्या. लई पाणी असतंय.”

“भरती-ओहोटी कशी ओळखता?”

“भरती?” मामांनी सुई थांबवली. “पोलीसची का मिलिट्रीची? आमच्या भावकीतलं येक पोरगं दोनदा पळून आलं, छाती भरंना त्याची.”

मी लिहिलं: पारिभाषिक शब्द विस्मृतीत गेले. मग सात दगडांबद्दल विचारलं. सात आसरा, पाण्यातल्या बाया, पहिली मासळी लागली की त्यांना नारळ. मी लिहिलं: सप्तसागरांची स्मृती, नारळी पौर्णिमेचा अवशेष. मामा डोकावून बघत होते. “गुरुजी, नारळ तर समद्याच देवाला फोडतेत. मारुतीला बी फोडतेत,” ते म्हणाले. मारुतीनं समुद्र ओलांडला होता, असं मी त्यांना समजावलं. ते मला कंटाळले असावेत, पण पाहुणा म्हणून सहन करत होते.

आणि मग ते सहज बोलून गेले, “आमची आज्जी म्हणायची, दर्या चढला रं, ढोरं हाका. मंग आम्ही समदे वर पळायचो.”

मी उडालोच. दर्या! त्या म्हातारीच्या जिभेवर समुद्र जिवंत होता! मी वाक्याखाली दोनदा रेघ मारली. मामांना पुढं काही विचारावं, उदाहरणार्थ दर्या म्हणजे काय, असं मला सुचलं नाही. अर्थ विचारायचा नसतो, सांगायचा असतो, अशी तेहतीस वर्षांची सवय.

जेवणाचा प्रश्न कांतानं आधीच सोडवला होता. सगळ्यांसाठी येसराचा मसाला घालून मरळ मासळीचा रस्सा, आणि माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, नव्या कोऱ्या पातेल्यात पिठलं. भाकरी थापत होत्या तिच्या सासूबाई, रुक्मीणबाई. पातेलं नवं असल्याचं त्यांनी मला तीनदा सांगितलं. आमच्या घरी कोणी भोई जेवायला आला असता तर आम्ही त्याच्यासाठी मासा आणला असता का, असा एक प्रश्न मनात आला. उत्तर माहीत असल्यामुळे मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर कांतानं एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात कचेरीचा कागद होता. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलो, कारण मला मोठ्यानं वाचायची आवड आहे.

“सदर दस्तऐवज समुद्रकिनाऱ्यासंबंधी असून नांदेड जिल्ह्यास समुद्रकिनारा नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

कांता हळूहळू सांगू लागली. त्या खांबांना तारेचं कुंपण लागणार होतं. उतार बागेत जाणार, तिकीट काढून आलेले लोक तिथून होडीत बसणार, आणि बेटावरच्यांनी पलीकडच्या अंगाला उतरायचं, जिथं बाभळीचं रान आणि मांडीएवढा गाळ. जुना हक्क असेल तर कागद दाखवा, असं कचेरीनं म्हटलं होतं. त्यांच्याकडे एकच कागद होता, आणि त्याचं एकच मराठी होतं. ते मी केलेलं. बुधवारची तारीख फेरअर्जाची होती, आणि ती शेवटची होती.

“गेल्या साली हिच्या छातीत कळ आली,” मामा रुक्मीणबाईंकडे हात करून म्हणाले. “उतारावर जीप हुभी होती म्हून दवाखान्यात पोचलो. गाळातून नेली असती तर आज भाकरी कुणी थापली असती?”

कांता म्हणाली, “सर, कचेरीला समजंना झालंय. तुम्ही समुद्राचं नीट समजावून सांगितलं तर ऐकतील. पुस्तकात बी येनार हाय न्हवं?”

मी मोठ्या खात्रीनं हो म्हणालो. माझा सिद्धांत ऐकल्यावर कचेरी विरघळेल याबद्दल मला शंका नव्हती.

नांदेड, जुनं शहर

मंगळवारी सकाळी मी आणि कांता मूळ कागद आणायला जुन्या नांदेडात गेलो. तो जीर्ण झाल्यामुळे मामांनी खाजाभाईंकडे कापडावर चिकटवायला दिला होता. खाजाभाईंचं बाइंडिंगचं दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. खळीचा वास, जुनी रजिस्टरं, आणि मधोमध जाड काचांच्या चष्म्यातले खाजाभाई. कागद त्यांनी अगदी तान्ह्या लेकरासारखा दोन हातांवर उचलून आणला.

मी त्यांना सिद्धांत सांगितला. पूर्व किनारा, मुख, प्रवाहाच्या उलट, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चहा सांगितला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“मास्तर,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही ह्या लोकांला इतक्या दूरून कायकू आणलं?”

“कागदात आहे ना. दर्या.”

“हौ. दर्या.” त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. “उर्दूत दर्या म्हंजे नदी. समुद्राला समंदर म्हणतेत. आमची दादी पूर आला की म्हणायची, दर्या चढ्या. तिनं तर समंदर जिंदगीत बघितला न्हवता.”

दर्या चढला रं, ढोरं हाका. दोनदा रेघ मारलेलं ते वाक्य माझ्या पिशवीतच होतं.

कांतानं माझ्याकडे बघितलं नाही. ती रस्त्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं, आणि माझ्या लक्षात आलंय का याची वाट बघण्याइतकी ती सभ्य होती. मला लाज वाटली. गोलमाल न करता सांगतो, फार लाज वाटली. या लोकांचा उतार कचेरीनं अडवला नव्हता, बागेनंही नाही. तो एका लातूरकरानं स्वतःच्या सहीनिशी समुद्रात बुडवला होता.

“चाय घ्या मास्तर,” खाजाभाई म्हणाले. “उद्या म्या बी येतो. दुकान येक दिवस बंद ठेवलं तर दुनिया काय थांबून राहत न्हाई.”

कचेरी

बुधवारी आम्ही चौघं कचेरीत. मी सदऱ्यात आणि दोन उजव्या चपलांत, मामा धुतलेल्या धोतरात, कांता, आणि खाजाभाई कागद छातीशी धरून. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि माझ्याकडे बघितलं.

“मागचं भाषांतरही तुमचंच ना? तेव्हा समुद्र, आता नदी. पुढच्या तारखेला काय, आड?”

आयुष्यभर मी वर्गात अशीच वाक्यं फेकली होती. ती अंगावर आल्यावर कशी लागतात हे त्या दिवशी कळलं.

“तसं पाहिलं तर,” मी घसा साफ केला, “दर्या या शब्दाला दोन्ही अर्थ संभवतात. संदर्भानुसार विद्वानांमध्ये…”

“म्हणजे मागचं बरोबर होतं?”

“तसं अगदी चूक म्हणता येणार नाही.”

“मग निर्णयही चूक म्हणता येणार नाही,” बाई म्हणाल्या आणि फाइल मिटायला लागल्या. “बघा, दुसऱ्याचं भाषांतर मी घेईन. पण पहिलं रद्द व्हायला हवं. ज्यानं केलं त्यानं लिहून द्यायचं की त्याला भाषा येत नव्हती. येत असेल तर प्रश्नच मिटला.”

खाजाभाई आपल्या बोटांवरची खळ खरवडत होते. मामांना काय चाललंय ते कळत नव्हतं. ते फक्त माझ्याकडे बघून मान हलवत होते, गुरुजी बोलतायत म्हणजे काम होणार अशा भरवशानं. तो भरवसा मला सोसवेना. कांतानं पर्समधून कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

परीक्षेत मी तिच्यासमोर असाच कागद ठेवत असे.

मी लिहिलं: ‘मला उर्दू येत नाही. येतं असं मी लोकांना वाटू दिलं. पूर्वीचं भाषांतर चुकीचं आहे.’ एवढंच. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते लांबूनही वाचता येत होतं. बाईंनी ते वाचलं, मग खाजाभाईंना मूळ कागद वाचायला सांगितला. ते उभे राहिले आणि त्यांनी तो असा वाचला की बाहेरचे दोन कारकून दारात येऊन उभे राहिले. बाईंनी विचारपूस केली, सह्या घेतल्या, जागा पाहून आदेश काढू म्हणाल्या.

मामांनी बाहेर आल्यावर एकच गोष्ट विचारली. “गुरुजी, आमचा कागद खोटा न्हाई ना?”

“नाही मामा. कागद खरा आहे. मी खोटा होतो.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

पुन्हा उतारावर

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथं दीड महिन्यातच झालं, बहुधा कोणाच्या तरी नजरचुकीनं. मधल्या काळात मी ग्रंथाच्या अध्यक्षांना कळवलं की आपल्याकडे सागरी परंपरा नाही. ते म्हणाले, अनुक्रमणिका छापून झाली आहे, काहीतरी द्याच. म्हणून त्या नावाखाली हे देतो आहे. समुद्र शोधणाऱ्या वाचकांची मी माफी मागतो.

आदेश आल्याचं कांतानं कळवलं आणि मी पुन्हा गेलो, या वेळी वही न घेता, नव्या चपला घालून. उतारावर सगळं बेट जमलं होतं. परातीतली मासळी तशीच होती, भाव कोणी करत नव्हतं. खांबांची रांग उखडून मागं नेली होती. रुक्मीणबाई पाण्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या. कांता मधोमध उभी राहून आदेश मोठ्यानं वाचत होती, स्पष्ट, स्वल्पविरामाला थांबत, मी शिकवलं होतं तसं.

“…सदर दर्याचा उतार पूर्वापार भोई समाजाच्या वहिवाटीत असल्याचे दिसून येत असल्याने तो मोकळा ठेवून कुंपण घालण्यात यावे.”

ती थांबली. कागदावरून मान वर करून तिनं गर्दीत मला शोधलं.

“सर,” ती म्हणाली, “दर्या. अर्थ सांगा.”

सगळे माझ्याकडे वळले. वर्गात हे वाक्य मी हजारदा म्हटलं होतं, आणि समोरचं पोर उभं राहून कसं घाबरतं ते बघितलं होतं.

“गंगा,” मी म्हणालो.

सटवाजीमामांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि चप्पूकडे निघाले. “मंग आम्ही दुसरं काय म्हनत हुतो?” ते म्हणाले. “तुम्ही इचारलंच न्हाई.”